शेरडांनी सोडलेलं हिरवं

भर वैशाखात खर्ड्याच्या माळावर हिरवं काय उरतं, ही यादी फार लांबत नाही. तरवड, रुई, ओढ्याच्या कडेला करवंदाची एखादी जाळी, बांधावरचा घायपात, कुठे चुकार निवडुंग. लिंब, हिवर ही मोठी झाडं, त्यांचा संसार वेगळा. मी म्हणतोय ते कमरेएवढ्या, फार तर पुरुषभर उंचीच्या झुडपांबद्दल. मुरूम असा तापलेला की चपलेच्या तळातून चटका बसावा, कुसळी गवताच्या नुसत्या काड्या उरलेल्या, शेरडं बाभळीखाली पडलेल्या शेंगा हुंगत फिरणारी, आणि या सगळ्यात तरवड मात्र कालच पाऊस पडून गेल्यासारखा. एवढं हिरवं समोर असताना शेरडू त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. जे शेरडू बोराटीच्या काट्यांत ओठ घालून पान ओढतं, निवडणुकीचं पोस्टरही भिंतीवर राहू देत नाही, ते तरवडाला वळसा घालून पुढे जातं.

का, ते एक पान चावलं की कळतं. आधी काहीच लागत नाही, मग तुरटपणा असा चढतो की जीभ टाळूला चिकटते आणि तोंडातलं पाणी कुणी टिपून घेतल्यासारखं होतं. पानात, सालीत, शेंगेत, सगळीकडे टॅनिन भरलेलं. लहानपणी आम्ही माळावर जाताना याची काडी मोडून दातवण करायचो, तीही याच तुरटपणासाठी. हिरड्या आवळतात म्हणायचे. आवळत असाव्यात, कारण नंतर तासभर दुसऱ्या कशाला चव म्हणून लागायची नाही.

तरवड जवळून पाहायला मात्र थांबावं लागतं, कारण हे रस्त्याकडेचं झुडूप आणि रस्त्याकडेचं काही आपण पाहत नाही. एका दांडीवर समोरासमोर पानांच्या आठ-दहा-बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात उभी असलेली बारीक ग्रंथी. तिच्याशी मुंग्यांची ये-जा असते. दांडी जिथे फांदीला मिळते तिथे दोन बाजूंना दोन रुंद, गोलसर उपपर्णं फांदीला बिलगून बसलेली. तरवड ओळखायची ही हमखास खूण. फूल हळदीपेक्षा उजळ पिवळं, पाच पाकळ्यांचं, पाकळ्यांना सुरकुत्या. मध्ये दहा पुंकेसर, पण सगळे एका मापाचे नाहीत: वरचे तीन आखूड आणि वांझ, खालचे लांब आणि बाकदार. या फुलात मध नसतो. येणाऱ्याला परागच घ्यावा लागतो, आणि तोही सहज सांडत नाही, कारण परागकोश उभा उकलत नाही, त्याच्या टोकाला फक्त भोक असतं. काळा भुंगा येतो, पुंकेसरांना पायांनी कवटाळतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. उडतानाचा त्याचा आवाज जाड असतो, या क्षणी तो एकदम बारीक, वरच्या पट्टीतला होतो, आणि टोकाच्या भोकातून परागाची पिवळी धूळ त्याच्या पोटावर उडते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुललेल्या तरवडापाशी उभं राहिलं तर आधी कानाला कळतं आणि मग डोळ्याला दिसतं.

शेरडं खात नाहीत म्हणून कुणीच खात नाही असं नाही. फिकट पिवळी आणि हिरवट पांढरी फुलपाखरं तरवडाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात, त्यांच्या हिरव्या अळ्या त्याच पानावर वाढतात. एवढ्या मोठ्या तुरट झुडपावर पोट भरणारी ही एवढीशी अळी.

जगात दुसरीकडेही सदाहरित झुडपांचे माळ आहेत, आणि त्यांचं कौतुक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त झालं आहे. स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर, जर्मनीत हॅम्बुर्गच्या दक्षिणेला ल्युनेबुर्गच्या माळावर, हीथर नावाचं झुडूप मैलोन्मैल पसरलेलं असतं. गुडघ्याएवढी उंची, पान खवल्याएवढं, आणि ऑगस्टमध्ये सगळा माळ जांभळा. इंग्रजी कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला तो न पाहताही पाठ असतो. पण हे माळ निसर्गाने तसेच्या तसे दिलेले नाहीत. माणसाने जंगल तोडलं, मेंढरं चारली, अधूनमधून आग लावली, हीथरसकट मातीचा वरचा थर खरवडून गोठ्यात अंथरायला नेला, आणि शेकडो वर्षं हे चाललं म्हणून तिथे झाडांऐवजी झुडपं राहिली. ल्युनेबुर्गला आज हाइडश्नुके जातीच्या मेंढ्यांचे कळप मुद्दाम राखलेले आहेत. त्या हीथरचे शेंडे खुडतात आणि मध्ये उगवणारी बर्च आणि पाइनची रोपंही खातात. कळप थांबले तर काही दशकांत तिथे जंगल होईल. म्हणजे तिथलं झुडूप मेंढीने खाल्लं म्हणून टिकलं, आणि आमचं मेंढीने सोडलं म्हणून.

मला हा फरक फार बोलका वाटतो. खर्डं जामखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेच्या कुशीत. याच तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली अहिल्याबाईंचा जन्म झाला, आणि त्यांच्याच नावावरून आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे. मेंढरं या मुलखाला नवीन नाहीत. दिवाळी सरली की धनगरांचे वाडे हलायचे, घोड्यावर बिऱ्हाड, मागे वाघुरीची जाळी, आणि रिकाम्या रानात कळप बसवला की त्या शेतकऱ्याला खत आयतं. मेंढरू वाटेत जे गोड ते खात जातं. शंभर वर्षं चारा काढून घेतलेल्या माळावर गोड ते कमी होत जातं, तुरट ते उरतं. गवताच्या जाणकाराला विचारा, तो तरवडाचं बन पाहिलं की मान हलवून सांगतो, या गायरानावर फार चराई झाली. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं गेली, कुसळी उरली आणि तरवड माजला. हे खरं आहे. पण गुन्हा घडला त्या जागी जो उभा राहिला तोच गुन्हेगार, असा हा न्याय झाला.

त्यातून ‘ओसाड’ हा शिक्का आला. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक, आणि केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात तर झुडपी जमीन हा एक वर्गच. जमीन पडीक म्हटली की तिच्यावर काहीतरी करायला हवं हे ओघानेच आलं. मग जून महिन्यात खड्डे, पाहुणे, फोटो, आणि गिरिपुष्पाची किंवा सुबाभळीची रोपं. गिरिपुष्प भराभर वाढतं, त्यालाही शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून सरकारी वृक्षारोपणात ते लाडकं. मध्य अमेरिकेतलं झाड माळावर आणून लावायचं आणि माळ हिरवा झाला म्हणायचं. तो आधी हिरवा नव्हता का, असा प्रश्न विचारणारा माणूस त्या कार्यक्रमाला कुणी बोलावत नाही.

या बाबतीत अलीकडे एक चांगली गोष्ट घडली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी 2025 साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक निबंध छापला. पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ, झुडपी माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष आहेत की ते मुळातच असे आहेत, हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर त्यांनी प्रयोगशाळेत न शोधता जुन्या मराठीत शोधलं: चरित्रं, ओव्या, क्षेत्रांच्या कथा. त्यांत कुठल्या गावी कुठलं झाड, कुठलं झुडूप उल्लेखलं आहे ते टिपत गेले, आणि निघालं ते असं की निदान साडेसातशे वर्षांपासून हा मुलूख विरळ झाडांचा, काटेरी आणि गवताळच आहे. म्हणजे इथे घनदाट जंगल होतं, ते आपण संपवलं आणि म्हणून आता झाडं लावून पाप फेडायचं, ही सगळी कथाच डळमळते. पाप असेल तर ते चराईचं आणि नांगराचं. माळ असण्याचं नाही.

खर्ड्याचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते मात्र लढाईमुळे. 11 मार्च 1795. एका बाजूला निजाम अलीखान, दुसऱ्या बाजूला सवाई माधवरावांच्या नावाने जमलेली सगळी मराठी फौज. नाना फडणीसांची मसलत, परशुरामभाऊ पटवर्धनांकडे सेनापतिपद, सोबत दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले. दोन्हीकडचे मिळून दोन लाखांवर लोक. त्या मानाने माणसं फार पडली नाहीत, पण निजामाचा धीर सुटला, रात्रीच्या अंधारात फौज मागे हटली आणि खर्ड्याच्या भुईकोटात कोंडली गेली. बाहेर मराठ्यांचा वेढा, आत पाण्याचा तुटवडा. दोन-तीन दिवसांत तहाचं बोलणं सुरू झालं. तीन कोटींची खंडणी, दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख. त्यातलं बरंचसं पुढे हातून गेलं. सवाई माधवराव तर त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. आता किल्ल्यापाशी उंच भगवा ध्वज आहे, 2021 च्या दसऱ्याला उभारलेला. लांबूनच दिसतो.

इतिहासाच्या पुस्तकात त्या मार्च महिन्यात खर्ड्याच्या माळाचं काय झालं ते नाही. मी आपला अंदाज करतो. दोन लाख माणसं म्हणजे त्यांची घोडी, उंट, हत्ती, तोफा ओढणारे बैल, आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांचे तांडेच्या तांडे. फाल्गुन-चैत्राचे दिवस, गवत वाळलेलं. एवढ्या जनावरांपुढे कोसभर परिसरात काय टिकलं असेल? कडबा संपला असेल, गवताची काडी राहिली नसेल, बाभळी ओरबाडल्या असतील, बोरीसुद्धा सरपणाला गेल्या असतील. तरवडाला जनावराने तोंड लावलं नसणार. वेढ्याच्या चौथ्या दिवशी खंदकावरून मराठी शिपायाला आणि तटावरून निजामाच्या अरबाला जे एक हिरवं दिसत असेल ते हेच, असं मला वाटतं. पुरावा काही नाही. पण तरवडाचा स्वभाव माहीत असलेल्या माणसाला पुरावा लागणारही नाही.

त्या फौजेच्या अंगावर मात्र तरवड असण्याचा संभव पुष्कळ. खोगीर, लगाम, तलवारीचं म्यान, पाणी वाहणारी पखाल, हे सगळं कमावलेलं कातडं, आणि दख्खनात कातडं कमावायचं ते सालीवर. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा, जिथे जे मिळेल ते. आधी कातडं चुन्याच्या पाण्यात बुडवून केस काढायचे, मांस खरवडायचं, धुऊन चुना घालवायचा. मग त्या कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात कुटलेली साल आणि पाणी भरायचं आणि ती तिकाटण्याला टांगून ठेवायची. साल आतून कातड्यात मुरत जाते, तांबूस पाणी थेंबथेंब खालच्या भांड्यात गळतं, ते पुन्हा वर ओतायचं. असे कित्येक दिवस. तरवडाच्या फांद्या तोडायच्या, मोगरीने ठेचून साल सुटी करायची, आणि बुंधा ठेवला की त्याला पुन्हा फूट येते. म्हणजे झाड मरतही नाही. ढोर समाजातल्या कारागिरांचं हे पिढीजात काम. गावाच्या प्रत्येक विहिरीवरची मोट त्यांच्या हातून गेलेली, सगळ्या गावाचं पिकाचं पाणी त्यांच्या कातड्यातून वर आलेलं, आणि त्यांची वस्ती मात्र गावाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तरवडाच्या गुणांचं कौतुक करताना हे वगळून चालणार नाही.

दक्षिणेत तर हा धंदा फार मोठा होता. मद्रासकडच्या कमावलेल्या कातड्यांना विलायतेत मागणी होती, आणि त्या कातड्यांचा रंग आणि मऊपणा तरवडाच्या सालीचा. तमिळमध्ये तिला आवारम म्हणतात. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या बाभळीची साल जहाजांनी येऊ लागली. ही बाभूळ मूळची ऑस्ट्रेलियाची, वाढवली आफ्रिकेत, आणि तिने मद्रासच्या तरवडाला उठवलं. नंतर क्रोमचं कमावणं आलं आणि सालीचाच जमाना आटोपला. आता तरवडाची वाळलेली फुलं चहासाठी पाकिटातून विकतात, साखर उतरते म्हणतात. आयुर्वेदात ती आवर्तकी म्हणून आहेच. उतरत असेल साखर, पण मला त्या पाकिटापेक्षा मोटेचा नाडा जास्त खरा वाटतो.

आणि मग नवरात्र येतं. पितृपक्ष संपत आला की खर्ड्याच्या आसपास माळ पिवळा होऊ लागतो. घट बसतो त्या दिवशी पत्रावळीवर काळी माती, तिच्यात सात प्रकारचं धान्य, मधोमध पाण्याचा घट, आणि वरून दोऱ्याला टांगलेली माळ. पहिल्या दिवशी कुणाकडे विड्याच्या पानांची, पुढे तरवडाची, मध्ये कारळाच्या फुलांची. रोज एक, नऊ दिवस नऊ. रस्त्यावरून तुळजापूरची ज्योत घेऊन पोरं पळत येतात, अनवाणी, पुढे टेम्पोवर गाणी आणि मागे धाप. घरात आत्या देवघरापुढे बसून तरवड ओवते. फूल ओवताना देठाच्या बाजूने सुई घालायची, नाहीतर पाकळ्या निसटतात. तिच्या बोटांना नऊ दिवस पिवळा रंग असतो. वर्षभर ज्या झुडपाकडे कुणी पाहिलं नाही, त्याच्याच फुलांखाली देवी बसलेली असते. मोगरा, शेवंती, गुलाब ओवायला नाहीत असं नाही. पण घटाला तरवडच लागतो. आत्याला कारण विचारलं तर म्हणते, “आरं, मोगऱ्याला पाणी घालावं लागतं. ह्याला देवीनंच घातलंय.”

खर्डं ही सरहद्द होती. इकडे इंग्रजी नगर जिल्हा, आणि पलीकडे भूम, परांडा, पाटोदा, आष्टी म्हणजे 1948 पर्यंत निजामाचं राज्य. गावं एकमेकांत अशी मिसळलेली की माळावरून चालताना कुठे राज्य बदललं ते कळायचं नाही. त्याच निजामी राज्याचा तेलुगू भाग पुढे तेलंगण झाला. 2014 साली ते वेगळं राज्य झालं तेव्हा त्यांनी राज्यफूल म्हणून निवडलं तंगेडू, म्हणजे आपला तरवड. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तिथे बतुकम्मा असते. बायका तंगेडू आणि गुनुगु, म्हणजे आपलं कुर्डू, यांचे थरावर थर रचून फुलांचा मनोरा करतात, त्याभोवती फेर धरून गातात आणि शेवटी तो तळ्यात सोडतात. राज्यवृक्षही त्यांनी शमी निवडला, दसऱ्याला पुजायचा. आमचं राज्यफूल ताम्हण. सुंदर फूल, शंकाच नाही, पण कोकणातल्या ओढ्याकाठचं. खर्ड्याच्या माळावर ताम्हण बघायचं तर पुस्तकात बघावं. 1795 साली ज्या दोन फौजा इथे समोरासमोर होत्या, त्या दोन्हींच्या घरी आश्विनात एकच फूल देवीला जात असणार. तहाच्या कलमांमध्ये याचा उल्लेख असायचं कारण नाही. पण राज्यफुलाच्या बाबतीत निजामाच्या बाजूने डाव साधला, हे कबूल करावं लागतं.

बागेत तरवड का येत नाही, हा माझा जुना प्रश्न. विलायतेत हीथरच्या जातकुळीचं असं झालं नाही. 1772 साली लंडनच्या क्यू बागेने फ्रान्सिस मॅसन नावाच्या माळ्याला दक्षिण आफ्रिकेच्या केपला पाठवलं. तिथे एरिका या प्रजातीतल्या झुडपांच्या सहाशेहून अधिक जाती आहेत, नळीसारख्या, घंटेसारख्या, लाल, पांढऱ्या, पिवळ्या फुलांच्या. त्याने आणि त्याच्या मागून गेलेल्यांनी त्या जाती विलायतेत आणल्या आणि तिथल्या श्रीमंतांना असं वेड लागलं की नुसत्या या झुडपांसाठी काचघरं बांधली गेली. मॅसन केपच्या दुसऱ्या मुक्कामाहून परतला ते साल 1795, खर्ड्याच्या लढाईचंच. पुढे फॅशन ओसरली आणि काचघरंही रिकामी झाली. पण स्वतःच्या रानातलं हीथर तिथल्या बागांत राहिलं. त्याच्या शेकडो बागाती जाती निघाल्या, पानं सोनेरी, फुलं दुहेरी. त्या झुडपाला चुन्याचं वावडं, माती आम्लधर्मी हवी. आमच्या मुरमात चुनखडीचे खडे वेचून घ्यावेत एवढे. त्या घराण्यातलं आपल्याला जवळचं म्हणजे नीलगिरीच्या माथ्यावरचा लाल ऱ्होडोडेंड्रॉन, आणि तो खर्ड्याला आणला तर आठवडाभरात मान टाकेल.

आमच्याकडे बागेची व्याख्याच निराळी. ज्याला रोज पाणी घालावं लागतं, जे विकत आणावं लागतं आणि जे शेजाऱ्याकडे नाही, ते बागेतलं. अहिल्यानगरहून कुठल्याही दिशेला निघा, रस्त्याच्या दुभाजकात बोगनवेल, कण्हेर आणि टेकोमा. टेकोमा म्हणजे घंटेसारख्या पिवळ्या फुलांचं अमेरिकी झुडूप. त्याला उन्हाळ्यात टँकर येतो. पाइप घेतलेला माणूस दुभाजकावरून चालतो, मागून वाहनं हॉर्न वाजवतात, आणि रस्त्याच्या पलीकडे पाच पावलांवर, खडीच्या ढिगात, तरवड तोच पिवळा रंग फुकट देत उभा असतो. कुणी म्हणेल, पिवळ्याशीच मतलब असेल तर तरवडच लावा की. हे कुणाच्या मनात आलं नसेल असं मी म्हणत नाही. पण तरवडाचं टेंडर निघत नाही.

उलट दिशेची गोष्ट मात्र घडली आहे. टणटणी, जिला घाणेरी म्हणतात, ती मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आली, फुलांना रंग बरे म्हणून कौतुकाने वाढली, कुंपण ओलांडून गेली, आणि आज देशातलं असं रान नाही जिथे ती नाही. बागेतून रानात गेलेली टणटणी हटवायला आता पैसे खर्च होतात. रानातला तरवड बागेत यावा यासाठी कुणी काही करत नाही. एका अर्थी ते बरंच आहे.

मी माझ्या दारात दोन तरवड लावले आहेत. रोप उपटून आणून उपयोग नाही, मुसळी खोल जाते आणि तुटली की झाड बसतं. शेंगा माघात वाळतात. चपट्या, कागदासारख्या, वाऱ्याने खुळखुळतात. त्यातलं बी टणक, तसंच पेरलं तर जमिनीत पडून राहतं. उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवलं की फुगतं, फुगलेलं तेवढं लावायचं. कुंडी नको. पहिल्या उन्हाळ्यात थोडं पाणी, पुढे हात आवरायचा. पाणी जास्त झालं की नुसता पाला धरतो, उंचच उंच जातो आणि फुलाचं नाव नाही. आत्या एकदा मुक्कामाला आली तेव्हा दाराशी तरवड पाहून थबकली. “माळ भरून हाय की! आजून दोन कशाला लावतो?” मग जरा वेळाने खालच्या फांद्या तपासून म्हणाली, “बुडातनं छाट. नाहीतर वरवर जाईल आन् माळेला हात पुरणार न्हाई.” म्हणजे तिची काही हरकत नव्हती. शेजारचे काका वर्षभर सुचवत असतात की ते तण काढून तिथे पाम लावा. घटाच्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या घरून परडी येते, आणि मी देतो. घरोघरी दारात तरवड लावा असं मी कुणाला सांगत नाही. माळ राहिला तर त्याची गरज नाही, आणि माळ गेला तर दारातले दोन तरवड भुंग्यांना पुरणार नाहीत.

शहरात नवरात्रात तरवड विकायला येतो, दसऱ्याला आपटा येतो तसाच. बाजारपेठेच्या तोंडाशी बायका गोणपाट अंथरून बसतात, पुढे ओल्या फडक्याखाली झाकलेल्या माळा. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईकाने भाव ऐकून नाक मुरडलं. माळावरचं फुकटचं फूल, त्याला एवढे पैसे? बाईंनी ओवणं न थांबवता मान वर केली. “फुकटचंच हाय, दादा. तुम्हीबी आणा की. पहाटं तीनला उठायचं, बॅटरी घ्यायची, इच्चूकाट्याचं बघायचं आन् उजाडायच्या आत पाटी भरायची. ऊन चढलं की फूल मऊ पडतं, मग ओवता येत न्हाई.” गिऱ्हाईकाने दोन माळा घेतल्या. सुट्टे नव्हते म्हणून तिसरीही घेतली.